असेंबल्डची बदनामी पुरे

यवतमाळ शहराला चिकटून असलेल्या लोहाऱ्यात कॉम्प्युटर घ्यायचं निघालं की सल्लागारांचा तोटा नसतो. एमआयडीसी इथेच, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय इथेच, रेमंडचा डेनिम कारखाना इथेच. त्यामुळे दर दोन-चार घरांआड एखादा इंजिनिअर, सुपरवायझर किंवा शिकता पोरगा सापडतोच. आणि या सगळ्यांचं अलीकडे एका वाक्यावर एकमत झालेलं दिसतं: ‘असेंबल्डच्या भानगडीत पडू नका, ब्रँडेड घ्या आणि निश्चिंत राहा.’

हे वाक्य पुण्यात, मुंबईत, बंगळूरमध्येही म्हटलं जातं आणि तिथे ते बऱ्याच अंशी खरंही असेल. तेच वाक्य जसंच्या तसं उचलून यवतमाळ जिल्ह्यात आणलं की मात्र त्याचे सांधे खिळखिळे व्हायला लागतात.

आधी प्रतिपक्षाचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण ते दुबळं नाही. एके काळी सुटे भाग आणून मशीन जोडलं की घसघशीत पैसे वाचायचे. आता मोठ्या कंपन्या लाखांच्या संख्येने भाग उचलतात, त्यांना ते स्वस्त पडतात आणि तयार मशीन व जोडलेलं मशीन यांच्या किमतीतला फरक आटत गेला आहे. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपन्यांनी मेमरीचे करार आधीच करून ठेवले होते, त्यांचं तयार मशीन अशा काळात सुट्या भागांच्या बेरजेपेक्षाही स्वस्त पडू शकतं. शिवाय बिल एक, वॉरंटी एक, आत परवान्याचं विंडोज. बिघडलं तर एकाच ठिकाणी फोन करायचा. सुट्या भागांच्या मागे हिंडणाऱ्या माणसाने आपल्या वेळेचे पैसे धरलेत का, असा सवाल या युक्तिवादाच्या शेवटी हमखास येतो.

यातलं किमतीचं मान्य. बाकीचं तपासायला हवं.

‘वॉरंटी एक’ हे ऐकायला झकास वाटतं. घरगुती वापराच्या बहुतेक तयार डेस्कटॉपना ती एक वर्षाची असते. कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या मॉडेलना तीन वर्षांची मिळते. याउलट डब्यातून आलेल्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरला तीन वर्षं, बऱ्या एसएसडीला तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीला, पाच किंवा जास्त आणि बऱ्याच कंपन्यांच्या रॅमला दहा वर्षं किंवा आजीवन अशी मुदत असते. म्हणजे तेच भाग सुटे घेतले तर त्यांच्यावरची हमी जास्त काळ टिकते. एकाच खोक्यात एकाच स्टिकरखाली घेतले की वर्षभरात संपते, आणि पुढची वर्षं हवी असतील तर त्यांचे वेगळे पैसे.

बरं, असलेली वॉरंटी मिळते कशी? हेल्पलाइनला फोन, तक्रारीचा क्रमांक, मग पिनकोड पाहून ठरणारी इंजिनिअरची फेरी, मग भाग मागवणं. लोहारा तसा नशीबवान, जिल्ह्याचं ठिकाण शेजारीच आहे. घाटंजी, आर्णी, झरी-जामणीच्या माणसाला विचारलं तर ‘ऑनसाइट’ या शब्दाचा अर्थ वेगळाच कळेल. इथे न्यायाने हेही सांगायला हवं की सुट्या भागाची वॉरंटी काही हातावर आणून ठेवली जात नाही. दुकानदार भाग नागपूरला पाठवतो, तो तिथून कंपनीकडे जातो, आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून परत येईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज निघतात. यवतमाळचा रेल्वेशी संबंध म्हणजे बंद पडलेली शकुंतला ही गाडी आणि अजून पूर्ण व्हायचा असलेला वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग. त्यामुळे माल यायचा तो रस्त्यानेच.

वाट दोघांनाही पाहावी लागते. त्या आठवड्यांत मशीन चालू राहतं की बंद पडून असतं, फरक तिथे आहे. ब्रँडेडचे गोडवे गाणारे नेमके इथेच गप्प होतात.

समजा, जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज पडली, लाइन गेली, आली, पुन्हा गेली आणि एसएमपीएस उडाला. यवतमाळ जिल्ह्यात हा काही दुर्मीळ प्रसंग नव्हे. जोडलेल्या मशीनमध्ये साधारणपणे एटीएक्स पद्धतीचा एसएमपीएस असतो. हे प्रमाण इंटेलने १९९५ मध्ये घालून दिलं आणि फेरफार होत ते आजवर टिकून आहे: स्क्रूची भोकं ठरलेली, बोर्डाला जाणारा चोवीस पिनांचा जोड ठरलेला. यवतमाळच्या कुठल्याही दुकानात पुरेशा वॅटचा एसएमपीएस मिळतो आणि अर्ध्या तासात मशीन उभं राहतं. नवा घ्यायचा नसेल तर शेजाऱ्याच्या पडीक मशीनमधला काढून तात्पुरता लावता येतो. याउलट डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या कार्यालयीन वापराच्या अनेक मॉडेलांत पुरवठा फक्त बारा व्होल्टचा, जोड सहा किंवा आठ किंवा दहा पिनांचे, आणि पेटीचा आकारही त्या मॉडेलपुरता. त्यामागे अभियांत्रिकीची कारणं आहेत, वीज कमी वाया जाते, जागा वाचते. पण असा भाग यवतमाळच्या कपाटात नसतो. तो ऑनलाइन शोधायचा, मॉडेल क्रमांक जुळवायचा, आणि तो येईपर्यंत खोकं कोपऱ्यात. सेतू केंद्र चालवणाऱ्याचं मशीन शाळा-कॉलेज प्रवेशांच्या ऐन गर्दीत आठवडाभर बंद राहिलं तर ‘वेळेचे पैसे’ कोणी मोजायचे?

आता ब्रँडच्या टिकाऊपणाकडे वळू. एके काळी महाराष्ट्रातल्या कार्यालयांत झेनिथचे कॉम्प्युटर सर्रास दिसत. एचसीएल आणि विप्रोचे सरकारी खात्यांत, बँकांत, कॉलेजांत होते. विप्रोने २०१३ मध्ये स्वतःचे कॉम्प्युटर बनवणं थांबवलं, एचसीएलनेही त्याच सुमारास हा धंदा आवरला, झेनिथचं नाव बाजारातून पुसलं गेलं. परदेशातही तेच. खुद्द आयबीएमने आपला पीसीचा धंदा २००५ मध्ये लेनोव्होच्या हवाली केला, २००२ मध्ये एचपीत विलीन झालेल्या कॉम्पॅकचं नावही काही वर्षांनी मावळलं, सोनीने २०१४ मध्ये ‘वायो’ विकून टाकला. कंपनी गेली की तिच्या आकाराचे भागही जातात. या सगळ्या पडझडीत एटीएक्सचा स्क्रू मात्र होता तिथेच राहिला, कारण तो कोणाच्याच मालकीचा नाही.

असेंबल्ड म्हणजे दुय्यम, हा समज तर मुळातच गमतीचा आहे. ज्या यंत्राने ‘पीसी’ ही जात जन्माला घातली, ते आयबीएमचं १९८१ सालचं ५१५० हेच बाजारात मिळणाऱ्या भागांतून जोडलेलं होतं: प्रोसेसर इंटेलचा, प्रणाली मायक्रोसॉफ्टची. भाग बाहेरचे होते म्हणूनच इतरांना त्याच्या नकला करता आल्या, आणि त्या नकलांच्या सुळसुळाटातून आजचा स्वस्त कॉम्प्युटर निघाला. आपल्याकडचं उदाहरण तर याहून जवळचं. यवतमाळहून शकुंतला ज्या मूर्तिजापूरला जायची, त्या तालुक्यातल्या मुरंबा या गावी जन्मलेले आणि नागपुरात अभियांत्रिकी शिकलेले विजय भटकर पुण्यात सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. क्रेसारखा महासंगणक भारताला द्यायला अमेरिका खळखळ करत होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्याचे प्रोसेसर भारताने घडवलेले नव्हते. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, कोणालाही विकत मिळणारे. कर्तृत्व होतं ते त्यांना एकत्र जोडून कामाला लावण्यात. १९९९ च्या सुमारास गूगलचे सर्व्हरही स्वस्त बाजारी बोर्ड ओळीने मांडून केलेले होते आणि खालून शॉर्ट होऊ नये म्हणून बुचाचे पत्रे घातले होते. त्या सर्व्हरांना कोणी ‘असेंबल्ड आहे’ म्हणून नाक मुरडलं नाही.

एक आरोप मात्र गावोगाव ऐकू येतो आणि त्याला उत्तर देणं भाग आहे: ‘असेंबल्ड मशीनला करंट येतो.’ पायात चप्पल नसली आणि हात कॅबिनेटच्या पत्र्याला लागला की चुणचुण होते, हे खरं. पण तो जोडणाऱ्याच्या हाताचा दोष नव्हे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रल यांच्यापासून पत्र्याकडे गेलेले असतात आणि त्यांतून अगदी किंचित प्रवाह झिरपतो. तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी योजना आहे. घरात अर्थिंगच नसेल, तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं भोक नुसतं शोभेचं असेल, किंवा दोन पिनांचं एक्स्टेंशन लावलं असेल, तर पत्रा साधारण शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह नगण्य, पण हाताला जाणवतो. ब्रँडेड टॉवरचा पत्राही त्याच घरात तसाच चावेल. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवलं की जी खरखर जाणवते, तीही बरेचदा याच कुळातली. त्यामुळे निव्वळ या भीतीने ब्रँडेडकडे वळण्यापेक्षा वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलेलं बरं. फ्रिज आणि वॉशिंग मशीनही दुवा देतील.

आता ज्या गोष्टींमुळे ही बदनामी झाली, त्यांबद्दल बोलायलाच हवं. कारण असेंबलिंगचा धंदा काही धुतल्या तांदळासारखा नाही. सगळ्यात मोठं पाप एसएमपीएसचं. कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ असं छापलेली जी हलकी पेटी फुकट येते, तिच्यावरचा आकडा आणि तिची खरी ताकद यांची गाठ पडत नाही. ती स्वतः मरते आणि कधी कधी बोर्डालाही सोबत नेते. दुसरी लबाडी ‘आय-फाइव्ह’ची. जाहिरातीत भाव असा की डोळे दिपावेत. आत पाहावं तर प्रोसेसर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, कुठल्यातरी कार्यालयाच्या भंगारातून निघालेला, आणि बोर्ड एच६१ जातीचा. म्हणजे २०११ मधली चिपसेट, नव्या डब्यात. आय-फाइव्ह हे नाव खोटं नाही, पण पिढीचा आकडा गिळून टाकलेला असतो. तिसरी गोष्ट विंडोजची. तयार मशीनमध्ये परवाना धरलेला असतो. दुकानदार ‘विंडोज मारून देतो’ म्हणतो तेव्हा ती बहुधा चोरीची प्रत असते आणि तिच्यासोबत काय काय येतं हे त्यालाही ठाऊक नसतं. किमतीची तुलना करायची तर परवान्याचे पैसे धरूनच करावी, किंवा लिनक्स घालावं. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक तिथेही आयते आहेत.

पण ही सगळी लबाडी झाकलेल्या मशीनमध्ये चालते. ज्याने भाग स्वतः निवडले, डबे स्वतः फोडले, त्याच्या गळ्यात एच६१ कोण बांधणार? असेंबल्डचे दोष दाखवून तयार मशीनकडे वळवणारे लोक गिऱ्हाइकाला एका न उघडलेल्या खोक्याकडून दुसऱ्या न उघडलेल्या खोक्याकडे नेतात. दुसऱ्या खोक्यावर नाव मोठं असतं, एवढंच.

आणि जोडणं म्हणजे काही शस्त्रक्रिया नव्हे. एक चौफुली स्क्रूड्रायव्हर आणि एक मोकळी दुपार लागते. जोड असे घडवलेले असतात की चुकीच्या जागी सहसा बसतच नाहीत. रॅमची खाच एका बाजूला सरकलेली असते, चोवीस पिनांच्या जोडाला खटका असतो. हात थरथरावा अशी खरी जागा एकच: प्रोसेसरचं सॉकेट. इंटेलने २००४ मध्ये पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डावर आणल्या; त्या केसासारख्या असतात आणि वाकल्या की बोर्ड गेला असंच धरायचं. बाकी पॉवर बटणाच्या बारीक वायरी लावताना डोळे ताणावे लागतात, तो त्रास निव्वळ चिडचिडीचा.

ज्याला तेवढंही नको, त्याच्यासाठी तिसरी वाट आहे आणि विदर्भातल्या तालुक्यातालुक्यांत ती पूर्वीपासून रुळलेली आहे: भाग आपण ठरवायचे, दुकानदाराने समोर बसून जोडायचे. ‘स्वतः जोडा की तयार घ्या’ हा वाद घालणारे या वाटेला जमेस धरत नाहीत, कारण मोठ्या शहरांत ती बुजत चालली आहे. इथे ती जिवंत आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीची केंद्रं गावोगाव उघडली. त्या केंद्रांतली पुष्कळशी मशीन अशीच जुळवलेली होती आणि ती चालू ठेवता ठेवता दुरुस्ती करणाऱ्यांची एक फळी तयार झाली. तिच्याकडे कंपनीची प्रमाणपत्रं नसतील, पण सुट्या भागांचा डबा असतो.

विंडोजच्या नव्या नियमांनी हा मुद्दा आणखी टोकदार केला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१६ च्या सुमारास घेतलेली धडधाकट मशीन एका दिवसात ‘जुनी’ ठरली. ज्याच्याकडे साधा टॉवर होता, त्याने बोर्ड आणि प्रोसेसर बदलला. कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी, मॉनिटर तेच. डीडीआर४ ची रॅम घेणारा बोर्ड निवडला तर रॅमही तीच, आणि आजच्या भावात ही बचत लहान नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं तर उदाहरण द्यायलाच हवं: २०१७ चे अनेक बोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर २०२२ चा प्रोसेसर स्वीकारतात. ब्रँडच्या लहानशा पेटीत बोर्डाचा आकारच खासगी असतो, त्यामुळे बोर्ड बदलायचा म्हणजे सगळंच बदलायचं. निघालेली रॅम आणि एसएसडी तेवढी वाचते, तीही बोर्डाला चिकटवलेली नसेल तर.

इथल्या हवेचाही विचार ब्रँडेडवाले करत नाहीत. यवतमाळचा मे पंचेचाळीस अंशांना टेकतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत बारीक तंतू तरंगतात आणि पंख्याच्या पात्यांवर, उष्णता खेचणाऱ्या पट्ट्यांत नमद्यासारखे बसतात. टॉवरची एक बाजू दोन स्क्रू काढून उघडता येते, ब्लोअर मारता येतो, हवेसाठी एक पंखा वाढवता येतो. मॉनिटरच्या पाठीत सगळं कोंबलेल्या ऑल-इन-वनमध्ये यातलं काहीही घरच्या घरी जमत नाही. डीटीपीवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जुन्या सॉफ्टवेअरचं पॅरलल पोर्टचं डोंगल ज्याच्या गळ्यात अजून आहे, त्याला टॉवरमध्ये एखादं कार्ड टाकून तो पोर्ट जिवंत ठेवता येतो. चकचकीत छोट्या पेटीला त्याची ओळखही नसते.

प्रत्येकाने टॉवरच घ्यावा असं कोणी म्हणत नाही. दर्डा महाविद्यालयात शिकायला आलेल्या, खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलीला लॅपटॉपच हवा आणि लॅपटॉप जोडण्याचा प्रश्नच येत नाही. तिने फक्त रॅम बदलता येते का एवढं पाहून घ्यावं. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात एकसारखी चाळीस मशीन लागतात, तिथे एका कंपनीची, तीन वर्षांच्या करारासह घेणं शहाणपणाचं. पण कारखान्याकडे करार असतो, आयटीचा माणूस असतो, दोन मशीन राखीव असतात. घरातल्या एकुलत्या एका मशीनसाठी कारखान्याचा हिशेब लावणं ही या सल्लागारांची मूळ चूक आहे.

शाळांचं काय होतं ते पाहिलं तर करार संपल्यानंतरचं चित्र दिसतं. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना २००४ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती ठेकेदाराने उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची अशा पद्धतीने राबवली गेली. पाच वर्षांनंतर मशीन शाळेचं, आणि बिघाडही शाळेचाच. त्या दिवशी मुख्याध्यापकाला कंपनीच्या नावाचा उपयोग नसतो. लागतो तो कुठेही मिळणारा एसएमपीएस, आणि तो बसवता येणारा, सायकलवरून येणारा एखादा पोरगा.

तेव्हा लोहाऱ्यातल्या माणसाने घरासाठी किंवा दुकानासाठी टेबलावरचं मशीन घेताना सल्लागारांना नमस्कार करून यवतमाळच्या दुकानात जावं आणि डबे आपल्यासमोर फोडायला सांगावेत. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा, मग प्रोसेसर एक पायरी खालचा आला तरी हरकत नाही. रॅम महाग आहे तोवर एकच पट्टी घ्यावी आणि दुसरी खाच मोकळी ठेवावी. यूपीएस त्याच दिवशी घ्यावा, पुढच्या महिन्यावर ढकलू नये. आणि बिल जीएसटीचं असावं, त्यावर प्रत्येक भागाची वेगळी ओळ आणि सिरियल नंबर. ‘असेंबल्ड पीसी, १ नग’ एवढंच लिहून देणाऱ्या दुकानातून सरळ उठून शेजारच्या दुकानात जावं.